केगमधल्या घरगुती बिअरला गॅस जास्त झाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळ उघडला की ग्लासात पाऊणभर फेस आणि तळाला दोन बोटं बिअर, या तक्रारीभोवती फिरणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं १९ लिटरच्या बॉल लॉक कॉर्नी केगला (स्टीलचं उंच दाबपात्र; गॅसची आणि बिअरची नळी त्याच्या माथ्यावरच्या दोन ‘पोस्ट’वर बसते) धरून आहेत. वेगळा केग असेल तिथे तसं सांगितलं आहे. दाब म्हणजे गेजवर (दाबमापकावर) दिसणारा दाब, पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पाउंड). बारमध्ये हवा असेल तर १४.५ ने भागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ साली मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने, तर ब्रिटनमध्ये १९६३ पासून, स्वतःपुरती बिअर घरी बनवायला मोकळीक आहे. ही माहिती अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

१. गॅस खरंच जास्त झालाय हे ओळखायचं कसं? फेस तर भरपूर येतोय.

फेस येतो म्हणजे गॅस जास्तच आहे, असं नाही. ही खात्री न करता केग मोकळा करत बसलात तर चांगली बिअर सपक होईल आणि फेस तसाच राहील.

तीन ग्लास थंड पाण्याने विसळून घ्या. नळ एका झटक्यात पूर्ण उघडा (अर्धवट उघडलेला नळ स्वतःच फेस करतो) आणि लागोपाठ तीन ग्लास भरा.

पहिला ग्लास फेसाळ आणि पुढचे दोन ठीक आले, तर नळ किंवा लाइन (केगपासून नळापर्यंतची बिअरची नळी) गरम आहे. बिअरमध्ये दोष नाही. तिन्ही फेसाळ आले तर पाच मिनिटं थांबा, फेस बसू द्या आणि खालची बिअर चाखा. ती सपक लागली तर गॅस वाटेतच सुटतोय, म्हणजे गडबड लाइनमध्ये आहे. प्रश्न १७ पाहा. फेस बसल्यावरही बिअर जिभेला टोचत असेल, ग्लासाच्या कडेने बुडबुडे सतत वर येत असतील, तर गॅस खरोखर जास्त आहे. मग पुढे वाचा.

२. बिअरमध्ये किती गॅस हवा? हे ‘व्हॉल्यूम’ काय प्रकरण आहे?

एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल, तर तो एक व्हॉल्यूम. वजनात लिटरमागे साधारण २ ग्रॅम. इंग्लिश एल १.५ ते २, स्टाउट २ च्या आसपास, पेल एल, आयपीए आणि लागर २.४ ते २.६, गव्हाची जर्मन बिअर ३.३ आणि त्याहून वर. घरी बिघडलेले केग बहुतेक ३ ते ४ च्या दरम्यान सापडतात.

३. रेग्युलेटर १२ दाखवतो, मग केगमध्येही १२ च असणार ना?

नाही. रेग्युलेटर सिलिंडरवर बसतो आणि केगकडे जाणाऱ्या गॅसचा दाब ठरवतो. त्याचा काटा त्याने स्वतः लावलेला दाब दाखवतो. मध्ये चेक व्हॉल्व्ह (गॅस एकाच दिशेने जाऊ देणारा) असला, तर आत ३० असले तरी काटा १२ वर निवांत उभा राहील.

खरा आकडा असा काढा. गॅसचा डिस्कनेक्ट (पोस्टवर बसणारा नळीचा जोड) काढून टाका. केग २४ तास एकाच तापमानात न हलवता ठेवा. मग गॅसच्या पोस्टवर बॉल लॉक गेज लावा. स्पंडिंग व्हॉल्व्ह (ठरवलेल्या दाबाच्या वरचा गॅस आपोआप सोडणारा, गेज असलेला) पूर्ण बंद करून लावला तरी तेच काम होतं. बिअरचं तापमान हवेत टांगलेल्या थर्मामीटरवरून घेऊ नका, पहिला अर्धा ग्लास टाकून दुसऱ्या ग्लासात बुडवून मोजा.

४ अंश सेल्सिअसला दाबावरून गॅसचा हिशेब असा बसतो:

६.५ पीएसआय: २.० व्हॉल्यूम
८.५ पीएसआय: २.२
१२ पीएसआय: २.५
१४ पीएसआय: २.७
१७ पीएसआय: ३.०
२२.५ पीएसआय: ३.५
२८ पीएसआय: ४.०

तापमान बदललं की आकडे बदलतात. तीच २.५ व्हॉल्यूमची बिअर ८ अंशांना साधारण १५.५ आणि २० अंशांना २७.५ पीएसआय दाखवते. म्हणून तापमानाशिवाय नुसता दाब कळवला, तर त्यावरून काहीच सांगता येत नाही.

४. पण इतका गॅस चढला कशामुळे?

बहुतेक वेळा ३० पीएसआयवर लावून विसरल्यामुळे. थंड बिअरला ३० वर २४ ते ३६ तास दिले की ती झटपट तयार होते, हे खरं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ती ३० वरच राहिली, तर ती ४ व्हॉल्यूमच्या पुढे सरकत राहते.

दुसरं कारण तापमान. खोलीच्या तापमानाला २८ पीएसआय बरोबर असतात. तो केग तसाच गॅससकट फ्रिजमध्ये गेला की २८ अतिच होतात. फ्रिज नुसता ४ वरून १ अंशावर घसरला, तरी १२ पीएसआयवरची बिअर २.५ वरून २.८ पर्यंत जाते.

तिसरं, साखरही घातली आणि गॅसही जोराने भरला. १९ लिटरला साधारण ७३ ग्रॅम साखर एक व्हॉल्यूम वाढवते. बाटल्यांच्या हिशेबाने १२० ग्रॅम घातली असेल, तर ती बिअर आपली आपणच २.५ पर्यंत पोचते, तिला वरून ३० पीएसआयची गरज नसते.

उरलेली दोन कारणं म्हणजे आंबण्याची क्रिया पूर्ण न होणं (प्रश्न १३) आणि दाब धरून न ठेवणारा रेग्युलेटर (प्रश्न १४).

५. रेग्युलेटर ३० वरून १० वर आणलाय. आता आपोआप उतरेल का?

रेग्युलेटर गॅस आत सोडतो, बाहेर घेत नाही. केगमधला दाब १० च्या खाली जाईपर्यंत तो नुसता बंद राहील. बिअर काढत गेलात की वरची जागा वाढून दाब हळूहळू उतरतो खरा, पण तोवर निम्मा केग फेसात गेलेला असतो. गॅस हाताने काढावा लागतो.

६. झाकणावरच्या रिलीफ व्हॉल्व्हची रिंग ओढून गॅस सोडायचा, हे कळलं. पण किती वेळा? दोनदा केलं, काही फरक नाही.

दोनदा करून फरक पडणारच नाही. रिंग ओढल्यावर जातो तो बिअरच्या वरच्या रिकाम्या जागेतला गॅस; बिअरमध्ये विरघळलेला जागच्या जागी असतो. तो हळूहळू बाहेर येऊन ती जागा पुन्हा भरतो, तेव्हा पुढच्या खेपेला थोडा आणखी निघतो.

केगमध्ये १८ लिटर बिअर, वर १ लिटर जागा, तापमान ४ अंश आणि गॅस ३.५ व्हॉल्यूम आहे असं धरा. दाब २२.५ असताना एकदा पूर्ण मोकळं केलं, की दीड लिटर गॅस जातो. बिअरमध्ये मात्र ६३ लिटर भरलेला आहे. एका खेपेला फरक पडतो जेमतेम ०.०८ व्हॉल्यूमचा, आणि दाब उतरत जाईल तसा तोही घटतो. २.५ वर यायला अशा पंधरा-सोळा खेपा लागतात.

हाच केग अर्धा रिकामा असता, तर? तेव्हा वर जवळपास दहा लिटर जागा असते. एकदा पूर्ण मोकळा करून रात्रभर ठेवला की ३.५ वरून थेट २.५ च्या आसपास येतो. सगळा खेळ वरच्या रिकाम्या जागेचा आहे, आणि ती वाढवणं तुमच्या हातात आहे: आधी दोन लिटर बिअर जगमध्ये काढून घ्या. फेसाळ निघाली तरी बसल्यावर पिता येते. जागा १ वरून ३ लिटर झाली की पंधरा खेपांचं काम पाच-सहा खेपांत होतं.

कृती अशी. केग ३-४ अंशांना आणा आणि निदान बारा तास हलवू नका. सिलिंडर बंद करा, गॅसचा डिस्कनेक्ट काढा. झाकणावरची रिंग ओढून फुस्स आवाज थांबेपर्यंत धरा, मग सोडा. दिवसातून चार-पाच वेळा हेच. रोज सकाळी रिंग ओढण्यापूर्वी गेज लावून दाब लिहून ठेवा. ४ अंशांना रात्रभर उभ्या राहिलेल्या केगचा दाब १२-१३ आला की थांबा, गॅस १२ वर लावा आणि एक दिवसाने चाखा.

जुन्या पिन लॉक केगच्या झाकणाला कधीकधी रिंग नसते. तिथे गॅसच्या पोस्टवर, पुढे काहीही न जोडलेला मोकळा डिस्कनेक्ट बसवा. पोस्टमधला पॉपेट (स्प्रिंगवरची छोटी झडप) दाबला जाऊन गॅस निघतो.

७. रिंग ओढली की गॅसऐवजी फेसाचं कारंजं उडतं.

केग गरम आहे, नुकताच हलवलेला आहे किंवा गळ्यापर्यंत भरलेला आहे. या तिन्हींपैकी एक नक्की. कॉर्नी केगमध्ये गॅसच्या पोस्टखाली एक आखूड नळी असते. बिअर तिच्या तोंडाला टेकलेली असेल तर त्या पोस्टमधून बिअरच येणार. अर्धा-एक लिटर नळाने काढून टाका.

रिंग एकदम पूर्ण ओढू नका. एक सेकंद, थांबा, पुन्हा एक सेकंद. आवाज कोरड्या हवेचा असेल तोवर चालू ठेवा. ओलसर, खरखरीत झाला की तत्काळ सोडा आणि वीस मिनिटं थांबा. फेस आलाच तर काम झाल्यावर रिलीफ व्हॉल्व्ह काढून कोमट पाण्यात धुवा (केगमधला दाब शून्य असतानाच). बिअर सुकली की त्याची सील चिकटते आणि मग तो सतत गळत राहतो.

८. स्पंडिंग व्हॉल्व्हने हे काम आपोआप होईल का?

होईल, आणि आठवडाभर वेळ असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू. व्हॉल्व्ह गॅसच्या पोस्टवर लावा, सिलिंडर बंद ठेवा आणि व्हॉल्व्ह हव्या असलेल्या दाबावर बसवा: ४ अंशांना २.५ हवे असतील तर १२. त्याहून वर जाईल तेवढा गॅस तो सोडत राहतो, आणि खाली कधीच जात नाही. म्हणून बिअर सपक होण्याची भीती नाही.

वेळ मात्र लागतो. न हलवलेल्या केगला ३.५ वरून उतरायला पाच-सात दिवस धरा. पहिले दोन दिवस व्हॉल्व्ह ५ वर ठेवून मग १२ वर आणलात तर लवकर होतं. बरोबर येणारं गेज बहुधा ० ते १०० चं असतं, त्यावर १० आणि १२ मधला फरक डोळ्यांना कळत नाही. ० ते ३० चं गेज बदलून घ्या. फार महाग नसतं आणि पुढेही उपयोगी पडतं.

९. आज संध्याकाळी पाहुणे येणार आहेत. दोन तासांत काही करता येईल?

केग हलवून. हलवल्याने बिअर आणि वरची जागा यांच्यातला तोल काही मिनिटांत साधला जातो, ज्याला एरवी कित्येक तास लागतात. दोन-तीन लिटर जगमध्ये काढा, गॅस तोडा, रिंग ओढून दाब शून्यावर आणा. रिंग बंद करून केग आडवा करा आणि अर्धा मिनिट हळू मागे-पुढे लोळवा. उभा करा. आता १५-२० मिनिटं थांबायचंच. लगेच रिंग ओढलीत तर प्रश्न ७ मधलं कारंजं तुमच्या स्वयंपाकघरात उडेल. मग गॅस सोडा आणि पुन्हा तेच. पाच-सहा फेऱ्यांत पिण्याजोगी होते.

तळाचा गाळ ढवळला जातो, बिअर गढूळ दिसते, हा याचा तोटा. त्यामुळे लागरसाठी आम्ही हे सुचवत नाही. गढूळच असणाऱ्या आयपीएला चालतं.

तेवढाही वेळ नसेल, तर गॅस तोडून दाब २-३ वर आणा, थंड केलेल्या मोठ्या जगमध्ये बिअर काढा, पाच मिनिटं ठेवा आणि जगमधून ग्लास भरा. हा इलाज नाही, पण संध्याकाळ निभावते.

१०. गॅसची नळी बिअरच्या पोस्टला लावून खालून बुडबुडे सोडतात, ते चालतं का?

चालतं. बिअरच्या पोस्टची लांब नळी तळापर्यंत जाते. तिथून सोडलेला गॅस बुडबुड्यांनी वर येताना विरघळलेला गॅसही ओढून आणतो आणि उघड्या रिलीफ व्हॉल्व्हमधून दोन्ही बाहेर जातात. पण दोन धोके आहेत.

पहिला, क्रम चुकला तर बिअर उलटी रेग्युलेटरमध्ये शिरते. आधी रिंगने केगचा दाब शून्य करा, रिंग उघडीच ठेवा, रेग्युलेटर २-३ पीएसआयवर आणा, आणि मगच जोडा. नळीला चेक व्हॉल्व्ह नसेल तर हा प्रयोग करू नका. दुसरा, हे बुडबुडे हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) सुगंधही घेऊन जातात. दहा-दहा सेकंदांचे चार-पाच झटके, मध्ये पाच-पाच मिनिटं. त्यापुढे जाऊ नका. ड्राय हॉप केलेल्या (उकळून झाल्यावर सुगंधासाठी हॉप्स टाकलेल्या) बिअरला तर नकोच.

११. केग बाहेर काढून गरम होऊ दिला तर गॅस लवकर जाईल ना?

गरम बिअरमध्ये गॅस कमी मावतो, इथवर बरोबर. पण तो केगमध्येच कोंडलेला असतो, म्हणून दाब वाढतो: ३.५ व्हॉल्यूमची बिअर २० अंशांना ४३ पीएसआयपर्यंत जाते. स्टीलच्या कॉर्नी केगला तो सहज पेलतो, त्यांची मर्यादा साधारण १३० असते. पण ३५ पीएसआयची मर्यादा असलेले प्लास्टिकचे दाबपात्र आणि ५ लिटरचे पातळ टिनचे केग यांना तो पेलणार नाही. हे कधीही भरलेले, गॅस चढलेले असे बाहेर ठेवू नयेत. शिवाय गरम बिअर फेसाने उसळते, म्हणजे सोडलेल्या गॅसइतकीच बिअर वाया जाते. थंड ठेवून गॅस काढा, हेच बरं.

१२. झाकण उघडून रात्रभर ठेवलं किंवा बिअर बादलीत ओतून परत भरली तर?

बिअर ओतण्याचा विचार सोडून द्या. ऑक्सिजन एकदा शिरला की बाहेर काढता येत नाही. आठ-दहा दिवसांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि आयपीएचा रंग तपकिरी पडतो. झाकण उघडं ठेवण्यातही तीच जोखीम, वर जंतूंची भर. आणि रिंग ओढून जे होतं त्यापेक्षा जास्त काही साधत नाही, कारण दोन्हीकडे दाब शून्यच होतो.

बिअर हलवायचीच असेल तर बंद मार्गाने. दुसरा निर्जंतुक केलेला केग कार्बन डायऑक्साइडने भरून घ्या, दोन्ही केगचा दाब सारखा करा, दोन्हींच्या बिअरच्या पोस्ट एका नळीने जोडा आणि निम्मी बिअर तिकडे ढकला. आता दोन्हींमध्ये नऊ-नऊ लिटर बिअर आणि वर तेवढीच जागा. प्रश्न ६ मधल्या हिशेबाने दोन्ही एकेकदा मोकळे करून रात्रभर ठेवले की काम झालं. जादा केग असेल तर सगळ्यांत स्वच्छ मार्ग हाच.

घरी गॅस नसलेला, त्याच प्रकारच्या बिअरचा दुसरा केग तयार असेल तर त्यात मिसळूनही भागतं. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये स्वतःचे ०.८५ व्हॉल्यूम असतातच. ती आणि ३.५ वाली अर्धी-अर्धी केली की २.२ च्या आसपास येते.

१३. सिलिंडर पूर्ण तोडलाय, तरी गॅस काढल्यावर दाब परत वर जातो. हे काय आहे?

एक-दोन दिवसांत दाब वाढून थांबत असेल तर चिंता नको. बिअरमधला गॅस वरच्या जागेत येतोय. पण दर खेपेला तो जुन्या आकड्याला पोचत असेल किंवा ओलांडत असेल, तर केगमध्ये गॅस नव्याने तयार होतोय, म्हणजे आंबवण अजून चालू आहे.

विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर आंबत जाते तसं ते उतरतं) मोजा. मोजण्याआधी नमुन्यातला गॅस पूर्ण काढा: दोन ग्लासांत पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे ओता, अर्धा तास ठेवा, २० अंशांवर आणा. नाहीतर बुडबुडे ते मोजणाऱ्या, बिअरवर तरंगणाऱ्या हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. आता केग भरतानाच्या नोंदीशी ताडून पाहा. गुरुत्व एक अंक उतरलं, म्हणजे १.०१२ चं १.०११ झालं, तर सुमारे अर्धा व्हॉल्यूम गॅस वाढतो. चार अंक उतरले असतील तर दोन व्हॉल्यूमचा हिशेब तिथेच लागला.

मग चव. स्वच्छ असेल तर घाईने केग भरला गेला, किंवा केगमध्ये टाकलेल्या हॉप्समधल्या विकरांनी (एन्झाइमनी) न आंबणाऱ्या शर्करेचे तुकडे केले आणि यीस्ट पुन्हा कामाला लागलं. सेझॉन या बेल्जियन बिअरच्या काही यीस्टांना तर असं रेंगाळत खात राहण्याची सवयच असते. स्पंडिंग व्हॉल्व्ह लावून केग खोलीच्या तापमानाला ठेवा, गुरुत्व तीन दिवस स्थिर राहू द्या, मग थंड करा. व्हॉल्व्ह इथे त्या तापमानाच्या आकड्यावर हवा: २० अंशांना २.५ साठी २७-२८.

आंबट, औषधी किंवा लवंगेसारखी चव असेल आणि बिअर त्या जातीची नसेल, तर संसर्ग आहे. अशी बिअर थंडच ठेवून लवकर संपवा किंवा ओतून द्या. काचेच्या बाटलीत किंवा ग्राउलरमध्ये (बिअर नेण्याची मोठी बाटली) ती अजिबात भरू नका, बाटली फुटू शकते. नंतर केगच्या सगळ्या ओ-रिंगा, पॉपेट आणि बिअरची लाइन बदला; नुसत्या धुण्यावर विसंबू नका.

१४. दर बॅचला गॅस जास्तच होतो. रेग्युलेटर खराब असेल का?

तपासणं सोपं आहे. केग जोडलेला नसताना रेग्युलेटर १० वर लावा, पुढची चावी बंद करा, सिलिंडर उघडा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काटा पाहा. १० चे १४-१५ झाले असतील तर आतली सीट झिजली आहे किंवा तिच्यावर कचरा बसला आहे, आणि गॅस थेंबाथेंबाने पुढे सरकतोय. दुरुस्तीचं किट मिळत असेल तर बदला. नाहीतर नवा घ्या. तोवर चावी बंद ठेवून फक्त बिअर काढताना उघडा.

१५. एकाच रेग्युलेटरवर दोन केग आहेत. एकात गॅस जास्त, दुसरा ठीक. दोन्ही जोडलेले ठेवू का?

नको. गॅस वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्याला चेक व्हॉल्व्ह नसेल, तर जास्त दाबाच्या केगमधला गॅस चांगल्या केगमध्ये जातो, सोबत फेसही नळीत शिरतो. बिघडलेला केग ताळ्यावर येईपर्यंत वेगळा ठेवा.

१६. जास्तच गॅस काढला, आता बिअर सपक लागतेय.

भरून येतं. ४ अंशांना १२ पीएसआय लावा आणि आठवडाभर हात लावू नका. इथे पुन्हा ३० लावून हलवलंत तर प्रश्न १ पासून सुरुवात. बिअर उघड्या दाबावर कितीही दिवस राहिली तरी ४ अंशांना तिच्यात साधारण १.४ व्हॉल्यूम उरतातच, त्यामुळे शून्यापासून चढवायचं नसतं.

दाब शून्यावर राहिला होता, म्हणून झाकण मात्र तपासा. कॉर्नीचं झाकण आतल्या दाबाने बसतं. गॅस लावल्यावर कडेला साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर झाकण वर ओढून धरत क्षणभर २०-२५ पीएसआय द्या, बसलं की पुन्हा १२.

१७. दाब आणि तापमान दोन्ही बरोबर आहे, गेजही २.५ सांगतं. तरी फेसच.

मग लाइन पाहा. १२ पीएसआयला ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी ३ मीटर तरी हवी. फ्रिजच्या किटसोबत दीड मीटर येते आणि बहुतेकांचं दुखणं तेच असतं. लांब लाइन लावा. जास्तच लांब झाली तर बिअर थोडी हळू येईल, एवढंच.

लाइन पुरेशी असेल तर बिअरच्या लांब नळीच्या माथ्यावरची छोटी ओ-रिंग बदला. ती चिरली की वरचा गॅस थेट वाहत्या बिअरमध्ये मिसळतो. पारदर्शक लाइनमध्ये पोस्टपासूनच बुडबुड्यांची माळ दिसते. पॉपेटमध्ये हॉप्सचा चोथा अडकला असेल तरी तसंच होतं. दाब पूर्ण काढल्याशिवाय पोस्टला पाना लावायचा नाही. आत दाब असताना सुटलेली पोस्ट तोंडावर येते.

१८. माझी गव्हाची बिअर मुद्दामच ३.५ वर आहे. तीही फेसच देते.

गॅस काढू नका, लाइन लांबवा. ४ अंशांना ती २२.५ पीएसआयवर ठेवावी लागते आणि त्याला साडेपाच-सहा मीटर लाइन लागते. प्रवाह कमी-जास्त करता येणारा नळ असेल तर कमी लांबीत भागतं. ‘ओतण्यापुरता’ दाब ५ वर आणण्याची सवय लागली की आठ-दहा दिवसांत बिअरमधला गॅसही तिकडेच घसरतो.

१९. नायट्रो स्टाउटला (नायट्रोजनच्या मिश्रणावर वाढायची काळी बिअर) साध्या केगसारखाच गॅस भरला. आता नळातून शेव्हिंग क्रीम येतंय.

स्टाउटच्या नळातल्या बारीक छिद्रांच्या चकतीला १.१ ते १.४ व्हॉल्यूम झेपतात, २.५ नाही. केग ४ अंशांना दोन-तीन दिवस पुन्हापुन्हा पूर्ण शून्यावर आणत राहा, म्हणजे १.४ च्या जवळ येईल. मग ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण ३० पीएसआयवर लावा. या मिश्रणात कार्बन डायऑक्साइडचा वाटा इतका कमी आहे की तोल १.१ च्या आसपास जाऊन थांबतो, त्यामुळे उरलेला जास्तीचा गॅसही हळूहळू उतरतो.

२०. मी डेन्व्हरला राहतो. तक्त्यातले आकडे मला जसेच्या तसे चालतील?

नाही, थोडे वाढवा. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं आणि उंचावर ती हवा विरळ असते. दर हजार फुटांमागे अर्धा पीएसआय मिळवा. डेन्व्हर ५२८० फुटांवर, म्हणजे २.५ व्हॉल्यूमसाठी १२ ऐवजी साडेचौदा. तुमच्या गेजवर १४.५ दिसले म्हणून गॅस जास्त झाला असं समजून तो सोडू नका.

२१. माझ्याकडे बारमध्ये असतो तसा सँकी केग आहे, त्याला रिंगच नाही.

सँकीला रिलीफ व्हॉल्व्ह केगवर नसतो, कपलरवर (केगच्या तोंडावर बसवायचा जोड) असतो. अमेरिकेत बहुधा डी प्रकारचा, युरोपात एस प्रकारचा कपलर बसतो. गॅसची नळी काढून कपलर जोडा, हँडल खाली दाबा आणि कपलरची रिंग ओढा. स्पंडिंग व्हॉल्व्ह लावायचा असेल तर कपलरच्या गॅसच्या तोंडातला रबरी एकमार्गी व्हॉल्व्ह आधी काढा, तो असेल तर गॅस बाहेर येणार नाही. केगच्या गळ्यातली स्प्रिंग-रिंग काढून भाला (आतली तळापर्यंतची नळी) उपसण्याचा प्रयत्न दाब असताना करू नका. यात माणसं जिवाला मुकली आहेत.

२२. इतका गॅस घरात सोडणं धोक्याचं नाही का?

३.५ वरून २.५ वर येताना १९ लिटरच्या केगमधून १९ लिटर गॅस, म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, बाहेर पडतो, तोही दिवसांवर विभागून. खिडकी असलेल्या खोलीत याने काही होत नाही. वरून उघडणाऱ्या डीप फ्रीजरचं मात्र वेगळं: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. आत केग मोकळे केले असतील तर झाकण उघडून पंख्याने हवा खेळवा, मगच आत वाका. आणि रिंग ओढताना चेहरा झाकणावर आणू नका.